प्रमाण

1 लिटर पाणी, 80 ग्रॅम मक्याचं पीठ, 15 ग्रॅम यीस्ट, 8 ग्रॅम आगर. गोडाला साखर, कधी गूळ. आगर आधी उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळू द्यायचं. पीठ वेगळ्या भांड्यात गार पाण्यात कालवायचं आणि मगच ओतायचं, नाहीतर गुठळ्या होतात. ढवळणारा हात थांबवायचा नाही. दाट झालं की गॅस बंद करायचा आणि वाट बघायची. ही वाट बघणं सगळ्यांत महत्त्वाचं. वाफ ओसरली, भांड्याला क्षणभर हात लावता येऊ लागला, की 4 मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल घालायचं. उकळत्यात घातलं तर ते उडून जातं आणि चार दिवसांत बाटल्यांत बुरशी धरते. जास्त पडलं तर अळ्या मरतात.

सांताक्रूझ पूर्वेला, कलिना भागातल्या एका प्रयोगशाळेत मी वीस वर्षांहून जास्त काळ हे अन्न शिजवते आहे. ते खातात चिलटं. पिकलेल्या केळ्यांवर, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर घोंघावणारं, लाल डोळ्यांचं, अडीच मिलिमीटरचं चिलट. त्याचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. आंब्यापेरूच्या आत अळ्या करणारी फळमाशी वेगळी. शेतकरी जिच्यासाठी बागेत सापळे लावतात, ती ही नव्हे. ही बिचारी आधीच पिकून आंबायला लागलेल्या फळावर येते, त्यातलं यीस्ट खाते. आणि ते फळ कुठे आहे, हे तिला वासावरून कळतं.

तिला वास कसा कळतो, वास घेणाऱ्या पेशी मुळात तयार कशा होतात, कोणती पेशी कोणता वास घेणार हे कोण ठरवतं, या प्रश्नांवर आमच्याकडे काम चालतं. मी शास्त्रज्ञ नाही, तांत्रिक सहाय्यक आहे. अन्न शिजवते, स्टॉक म्हणजे चिलटांची जपलेली वाणं सांभाळते, क्रॉस म्हणजे ठरावीक नरमाद्यांच्या जोड्या लावायला मदत करते, मायक्रोस्कोपखाली मोजण्या करते. पण इतकी वर्षं एकाच प्रश्नाच्या शेजारी बसल्यावर तो प्रश्न आपलाही होतो.

मी वाकोल्याची. बी.एस्सी.ला झूलॉजी होतं. मग लग्न, मग मुलगी. ती शाळेत जायला लागली तेव्हा, 2004 च्या जूनमध्ये, ही नोकरी धरली. सासूबाईंनी विचारलं, "कसली गं प्रयोगशाळा?" म्हटलं, "चिलटांची." त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी म्हणाल्या, "तुझ्या हाताला वास कसला येतो? आंबोळीचं पीठ जास्त आंबल्यासारखा." तो यीस्टचा वास होता. साबणानं जात नाही. पुढे त्यांना त्याची इतकी सवय झाली, की सुट्टीच्या दिवशी म्हणायच्या, आज घरी आहेस, वास नाही आला.

पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मला मायक्रोस्कोपशी बसवलं. काचपट्टीवर एका चिलटाचं डोकं होतं. दोन डोळ्यांच्या मध्ये दोन अँटेना. अँटेनाचा तिसरा खंड म्हणजे चिलटाचं नाक. मोहरीच्या दाण्याहून तो कितीतरी लहान असतो. त्याच्यावर बारीक केसांचं रान दिसलं. मॅडम म्हणाल्या, "घाई करू नका. फोकस हळूहळू खाली न्या. किती प्रकारचे केस दिसतात ते मला सांगा."

अर्धा तास मला एकाच प्रकारचे दिसत होते. मग नजर बसली. काही केस बोथट टोकाचे, जरा जाड, सोट्यासारखे. काही लांब, निमुळते, टोकाला धारदार. आणि फोकस अजून खाली नेल्यावर, पृष्ठभागातल्या बारीक खळग्यांत बसलेल्या आखूड खुंट्या. मी तीन म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "बरोबर. पहिले बेसिकोनिक, दुसरे ट्रायकॉइड, तिसरे सीलोकोनिक." बेसिकोनिक मुख्यतः खाण्याचे वास घेतात, पिकल्या फळांचे. ट्रायकॉइडमध्ये नरमादीचे एकमेकांना ओळखण्याचे गंध कळतात. सीलोकोनिक आम्लं, अमोनियासारखे वास पकडतात. केस आतून पोकळ असतो, त्याच्या भिंतीला अतिसूक्ष्म छिद्रं असतात, आणि आत एक ते चार चेतापेशी वाट बघत असतात. एका अँटेनात अशा सुमारे बाराशे चेतापेशी.

या पेशींच्या अंगावर वासाचा रेणू ओळखणारं प्रथिन असतं. त्याला आम्ही रिसेप्टर म्हणतो. चिलटाच्या जनुकांत असे गंधरिसेप्टर बनवणारी जवळपास 60 जनुकं आहेत. ती 1999 साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी शोधली. त्याआधी 1991 मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी उंदरांतली तशी जनुकं शोधली होती. मी नोकरीला लागले त्याच वर्षी, ऑक्टोबर 2004 मध्ये, त्या दोघांना नोबेल मिळालं. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत पेढे आणले. मला वाटलं, सातासमुद्रापलीकडच्या माणसांसाठी इथे पेढे का? आता मला ते विचित्र वाटत नाही.

पेशी या 60 जनुकांमधून साधारणपणे एकच रिसेप्टर निवडते. त्याच्या जोडीला ऑर्को नावाचं एक सर्वसाधारण प्रथिन घेते, पण वास ठरवणारा रिसेप्टर एक. बाकीची जनुकं गप्प. एक रिसेप्टर निवडलेल्या सगळ्या पेशींचे धागे मेंदूत एकाच गाठीत जाऊन मिळतात. अशा पन्नासेक गाठी आहेत. म्हणजे पेशीनं चुकीचा रिसेप्टर निवडला, तर मेंदूला निरोपच चुकीचा जातो. आणि शरीरातल्या प्रत्येक पेशीकडे सगळीच जनुकं असतात. पायातल्या पेशीकडेही वासाची जनुकं आहेत, ती उघडली जात नाहीत एवढंच. मग अँटेनातल्या बाराशे पेशींपैकी हिनं हे उघडावं आणि शेजारणीनं ते, हे ठरतं कसं?

या प्रश्नाचा मुंबईशी जुना संबंध आहे, हे मला कुलाब्याला गेल्यावर कळलं. तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून काही स्टॉक आणायचे होते. सांताक्रूझहून चर्चगेटची धीमी लोकल, पुढे नेव्हीनगरची बस. येताना कापसाचं बूच लावलेल्या नळ्या स्टीलच्या डब्यात, जुन्या ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतल्या. समुद्रावरून येणारा वारा, दादरला चढलेली गर्दी, आणि माझं सगळं लक्ष त्या डब्याकडे.

त्या संस्थेत 1962 साली ओबेद सिद्दिकी यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. होमी भाभांनी त्यांना बोलावलं होतं. 1970 च्या दशकात ते कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांच्याबरोबर चिलटांवर काम करून आले आणि वासाकडे वळले. त्यांच्याकडे व्हेरोनिका रॉड्रिग्ज नावाची विद्यार्थिनी आली. कुटुंब मूळचं गोव्याचं, बालपण केनियात, शिक्षण डब्लिनला. तिथून ती मुंबईला आली, कारण तिला याच प्रश्नावर काम करायचं होतं. 1978 साली या दोघांनी वास आणि चव नीट न कळणाऱ्या चिलटांच्या वाणांबद्दल लिहिलं. वास न कळणारं चिलट शोधायचं कसं, तर इंग्रजी वाय अक्षरासारखी काचेची नळी घ्यायची, एका फाट्याला वास ठेवायचा आणि कोण कुठे जातं ते बघायचं. आमच्याकडेही तशी नळी आहे. हजारोंमधून वेगळं वागणारं एखादं वेचायचं, त्याची पैदास करायची, आणि त्याचं कोणतं जनुक बिघडलं आहे हे शोधत जायचं. यात चतुराईइतकीच चिकाटी लागते, आणि चांगलं शिजलेलं अन्न.

मी डॉ. रॉड्रिग्ज यांना कधी पाहिलं नाही. पुढे त्या बंगळुरूला गेल्या, आणि 2010 च्या नोव्हेंबरमध्ये वारल्या. पण त्यांच्या एका कामानं माझ्या रोजच्या स्वयंपाकाकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली.

चिलटात लॉझेंज नावाचं एक जनुक आहे. ते बिघडलं की डोळ्याचा आकार बदलतो, म्हणून हे नाव. या जनुकापासून जे प्रथिन बनतं, ते दुसऱ्या जनुकांच्या आजूबाजूला बसून त्यांना चालू-बंद करतं. माणसांतही त्याचं भावंड आहे, आणि ते बिघडलं की रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. 1997 साली भगवती गुप्ता आणि रॉड्रिग्ज यांनी दाखवलं, की सीलोकोनिक केसांसाठी अटोनल नावाचं वेगळं जनुक लागतं. पुढच्या वर्षी त्यांनी उत्पल बॅनर्जी यांच्या गटाबरोबर लॉझेंजचं काम प्रसिद्ध केलं. लॉझेंज पार बिघडलं, तर अँटेनावरचे बेसिकोनिक केस गायब होतात आणि ट्रायकॉइडही कमी होतात. उलट वाढीच्या सुरुवातीलाच लॉझेंज जास्त दिलं, तर बेसिकोनिक वाढतात आणि बाकीच्या दोन प्रकारांची संख्या घटते. थोडक्यात, जनुक एकच. भरपूर असेल तर एक प्रकारचा केस, थोडं असेल तर दुसऱ्या प्रकारचा.

एका विद्यार्थिनीनं मला हा लेख वाचून मराठीत समजावला, तेव्हा माझ्या हातात आम्लाचं मोजपात्र होतं. मी म्हटलं, "म्हणजे मीठ तेच. चिमूटभर घातलं की चव, मूठभर घातलं की खारट." ती म्हणाली, "ताई, चिमूट आणि मूठ, दोन्ही इथे बरोबर आहेत. दोन्हींतून कामाचीच वस्तू तयार होते." तिनं माझी चूक सुधारली आणि मला ते फार आवडलं. कमी म्हणजे बिघाड, असं मी धरून चालले होते. निसर्ग कमीचाही उपयोग करतो.

लॉझेंजचा स्टॉक सांभाळायला सोपा नाही. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून नरात बिघाड लगेच दिसतो. मादीच्या दोन्ही गुणसूत्रांवर बिघाड असेल तर तिचं प्रजनन नीट होत नाही. म्हणून मादीत एक बिघडलेलं आणि एक राखणीचं गुणसूत्र ठेवावं लागतं. राखणीच्या गुणसूत्रामुळे तिचे डोळे मूत्रपिंडाच्या आकाराचे दिसतात. साध्या चिलटाचा डोळा सुमारे आठशे बारीक डोळ्यांचा मिळून बनतो, मधाच्या पोळ्यासारखा खडबडीत. लॉझेंज नराचा डोळा अरुंद आणि चकचकीत दिसतो, जणू कोणी बोट फिरवून पोळं सपाट केलं आहे.

मोजणीचं काम मी हळूहळू शिकले. डोकं काढायचं, पारदर्शक द्रावणात ठेवायचं, अँटेना आडवी पडेल असं काचपान टेकवायचं, आणि एका बाजूचे केस मोजून काचपट्टी उलटी करून दुसऱ्या बाजूचे मोजायचे. कोणती काचपट्टी कोणत्या वाणाची हे मोजणाऱ्याला सांगत नाहीत, फक्त क्रमांक देतात, म्हणजे मन आधीच कल घेत नाही. पहिल्यांदा पार बिघडलेल्या लॉझेंजची अँटेना समोर आली तेव्हा मला क्रमांकामागचं नाव कळायची गरज पडली नाही. बोथट केस जिथे दाटीनं असायला हवेत, तिथे उघडं रान होतं. मी फोकस वर-खाली करत राहिले. एकही नाही. त्या जागी केस उगवायचाच राहिला होता, कारण कोशात शिरल्यावरच्या पहिल्या काही तासांत एक प्रथिन पुरेसं आलं नव्हतं. ते तास गेले की मग कितीही दिलं तरी उपयोग नाही. प्रमाणाबरोबर वेळही असते, हे मला त्या काचपट्टीनं शिकवलं.

केस कोणत्या प्रकारचा हे ठरल्यावरही निवड संपत नाही. एका केसात दोन चेतापेशी असतील, तर त्या एकाच कुळातली भावंडं असतात. त्यांच्यापैकी एकीत नॉच नावाचा संदेश चालू राहतो, दुसरीत बंद. तेवढ्या फरकानं दोघी वेगवेगळे रिसेप्टर घेतात. तो फरक पुसला तर दोघी सारख्याच होतात. मग प्रत्येक रिसेप्टरच्या जनुकासमोर डीएनएवर खुणा असतात. काही खुणा म्हणतात, इथे वाच. काही म्हणतात, इथे वाचू नकोस. 2007 साली येल विद्यापीठात आनंदशंकर रे, जॉन कार्लसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोन्ही खुणा लागतात. नकाराची खूण मोडली तर रिसेप्टर नको त्या पेशीत उगवतो. कार्लसन यांच्याकडेच पूर्वी एक वाण सापडलं होतं, वासाच्या झोतानं दचकून उडी मारायला हवी तिथे ते नीट मारत नसे. त्याचं बिघडलेलं जनुक म्हणजे एसीजे6. तेही चालू-बंद करणारंच निघालं. ते बिघडलं की काही पेशी आपला रिसेप्टर गमावतात आणि काही दुसरीचा घेऊन बसतात.

हे सगळं ऐकताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. पेशीला तिची ओळख मिळते ती काय उघडलं त्यावरून, आणि तितकीच काय मिटून ठेवलं त्यावरून.

या कामातले दोन प्रसंग मी विसरत नाही. पहिला पुराचा. 2005 चा 26 जुलै मंगळवार होता. दुपारी दोनच्या सुमाराला पाऊस वाढला. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली, हे नंतर कळलं. आम्हाला एवढंच दिसत होतं, की खिडकीबाहेरचा रस्ता नाहीसा झाला आहे. आमची खोली तळमजल्याला. पाच वाजता उंबऱ्यातून पाणी आत आलं. वीज आधीच गेली होती. मी आणि दोन विद्यार्थी, तिघांनी खालच्या फळ्यांवरच्या नळ्यांचे ट्रे उचलून टेबलांवर, मग टेबलांवरच्या स्टुलांवर चढवले. अंधारात हात चाचपडत. शेवटचे तीन ट्रे पाण्यात भिजले. बुचं घट्ट होती म्हणून आतली चिलटं बहुतेक वाचली, पण चिठ्ठ्यांवरची शाई धुऊन गेली.

रात्र आम्ही टेबलांवर बसून काढली. वाकोल्याच्या नाल्याचं पाणी घराकडे किती चढलं असेल या काळजीनं जीव उडाला होता. फोन लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी कमरेएवढ्या पाण्यातून घरी गेले. सासूबाई मुलीला घेऊन वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होत्या. त्यांना बघून मी खाली बसले आणि रडले. आणि दोन दिवसांनी परत प्रयोगशाळेत आले, कारण चिलटांचं गार कपाट बंद होतं. 18 अंशांवर जे चिलट वाढायला जवळपास तीन आठवडे घेतं, ते उबेत दहाबारा दिवसांत वाढतं. अन्न लवकर संपणार होतं. वीज नव्हती, पण गॅसचा सिलिंडर होता. मेणबत्त्या लावून मी मक्याचं अन्न शिजवलं.

मग बिननावाच्या नळ्यांचं काम. जुना, आरशाचा मायक्रोस्कोप खिडकीशी ओढला. एकेक नळी ईथरनं गुंगवून पांढऱ्या कार्डावर ओतायची आणि मऊ ब्रशनं एकेक चिलट वळवून बघायचं. पांढरे डोळे, हे अमुक वाण. पंख वर वळलेले, हे तमुक. मूत्रपिंडाच्या आकाराचे डोळे असलेल्या माद्या आणि त्यांच्यात चकचकीत, अरुंद डोळ्यांचे नर. लॉझेंज. ते नर ओळखले तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्याच नळीतून आजचा आमचा स्टॉक चालत आला आहे.

पण अकरा नळ्या अशा होत्या, की त्यांच्यातलं चिलट बाहेरून अगदी एकसारखं. डोळे तेच, पंख तेच. फरक होता तो एखादं जनुक कुठे चालू होतं एवढाच, आणि तो या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. त्या नळ्या फेकाव्या लागल्या. काही वाणं नंतर अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या साठ्यातून पुन्हा मागवली, काही मिळाली नाहीत. त्या दिवसापासून आमच्याकडे सगळ्या चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहिल्या जातात. पेन्सिल पाण्यानं पुसत नाही.

दुसरा प्रसंग माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये घरातल्या सगळ्यांना कोविड झाला. ताप उतरला, पण माझं नाक गेलं. घरात दूध करपलं तरी मला कळलं नाही. सासूबाई आतल्या खोलीतून ओरडत आल्या. कामावर परतले तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. वाटलं, हात तर शाबूत आहेत. अन्न शिजवलं, गार होऊ दिलं, आम्ल घातलं. मध्ये एक फोन आला. परत येऊन पुन्हा आम्ल घातलं. एरवी भांड्यावर वाकलं, की प्रोपिऑनिकचा उग्र, घामट दर्प नाकात शिरतो आणि घातलं की नाही हे विचारावंच लागत नाही. त्या दिवशी भांडं माझ्यासाठी गप्प होतं. चार दिवसांनी सत्तर बाटल्यांत अळ्या वाढल्याच नव्हत्या. एका विद्यार्थ्याचा तीन आठवड्यांचा क्रॉस त्यात गेला. मी मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे आधी सांगायला हवं होतं. नाक हे तुमचं उपकरण आहे. उपकरण बिघडलं तर सांगायचं असतं."

पुढच्या वर्षी त्यांनीच मला एका नव्या लेखाबद्दल सांगितलं. अमेरिकेत स्टॅव्ह्रोस लोमवार्डास आणि सहकाऱ्यांनी हॅमस्टरच्या आणि कोविडनं दगावलेल्या माणसांच्या नाकातल्या पेशी तपासल्या होत्या. वास घेणाऱ्या चेतापेशींमध्ये विषाणू फारसा शिरत नाही, तो भोवतालच्या आधारपेशींना धरतो. पण तेवढ्यानंही चेतापेशीच्या केंद्रकातली डीएनएची मांडणी विस्कटते आणि रिसेप्टरची जनुकं नीट वाचली जात नाहीत. पेशी जागेवर असते, तिच्यातलं जनुक शाबूत असतं, तरी वास येत नाही. मी ज्या गोष्टीची वर्षानुवर्षं चिलटांत मोजणी केली, तसंच काही माझ्या नाकातही घडलं असावं. त्या दिवशी मला पहिल्यांदा हा विषय मायक्रोस्कोपच्या या बाजूला जाणवला.

माझा वास परतायला सात महिने लागले. मधल्या काळात गुळाला जळक्या रबरासारखा वास यायचा. माणसाच्या नाकात वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्यानं तयार होत राहतात, आणि प्रत्येक नव्या पेशीला आपला रिसेप्टर निवडावा लागतो. मी रोज सकाळी गूळ, लवंग आणि लिंबाचं साल नाकाशी धरून बसायचे. एका सकाळी गुळाला गुळाचा वास आला. मी तो खडा बराच वेळ हातात ठेवला. आता आमच्या फळ्यावर अन्नाच्या प्रत्येक खेपेसाठी एक चौकट असते, आणि आम्ल घातल्या क्षणी तिथे खूण करायची, मगच फोन उचलायचा.

आता नवी मुलं येतात ती संगणकावर एकेका पेशीतली हजारो जनुकं एका वेळी मोजतात. मला त्याचं कौतुक आहे. पण मी त्यांना आधी अन्न शिजवायला लावते आणि मग अर्धा तास एकाच अँटेनाकडे बघायला बसवते. किती, केव्हा, कुठे हे शब्द आधी हाताला कळावे लागतात, असं माझं मत झालं आहे. तुमच्या घरी केळी जास्त पिकली आणि त्यांच्यावर चिलटं आली, तर मुलांना एक भिंग द्या आणि ती लाल डोळ्यांची, मिशा हलवणारी चिलटं जरा वेळ बघू द्या. त्या मिशीवर बाराशे पेशींनी आपापला एक वास निवडला आहे, एवढंच त्यांना सांगा. पुढचे प्रश्न ती स्वतः विचारतील.

लॉझेंजचा स्टॉक अजून तिसऱ्या फळीवर आहे. त्या पुरानंतरच्या त्याच्या शेकडो पिढ्या माझ्या हातून नव्या बाटलीत गेल्या. परवा शुक्रवारी पुन्हा बदलला. चिठ्ठीवर तारीख घातली आहे, पेन्सिलीनं.